तिसऱ्या खिडकीतला दिवा

बायकोच्या चित्राला मी भोक पाडलं, ही गोष्ट खरी आहे. पण आमच्या नात्यागोत्यात ती ज्या सुरात सांगितली जाते, तो सूर मला मान्य नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस सकाळी उठला, चहा प्यायला आणि ड्रिल घेऊन चित्रावर चालून गेला. प्रत्यक्षात त्या भोकामागे सहा शनिवारांचं रीतसर शिक्षण होतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

ही, म्हणजे माझी बायको, चित्रं काढते. गॅलरीत तिचं ईझल उभं असतं, त्यामुळे कपडे बैठकीच्या खोलीत वाळतात. अकरा वर्षांत इतकी चित्रं झाली आहेत, की आमच्याकडे कुठलंही कपाट पुढे ओढलं की मागून एखादं निघतं. यंदा पहिल्यांदाच ग्रंथालयाचं सभागृह तिला प्रदर्शनासाठी तीन दिवस मिळालं होतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ग्रंथालयाच्या अध्यक्षबाई येणार आणि पसंत पडलं तर एक चित्र वाचनकक्षाच्या भिंतीवर कायमचं लावणार, असं ठरलं होतं. पसंत नाही पडलं, तर सगळी परत कपाटामागे. ब्रश धुता धुता ती म्हणाली, "एक भिंत मिळाली ना, तरी पुरे मला. आपल्या घरातली नसलेली." तिने दहादा सांगितलेल्या गोष्टी माझ्या डोक्यावरून जातात. ही गोष्ट ती एकदाच बोलली, त्यामुळे मनाला लागली.

शहाणा नवरा अशा वेळी फ्रेमा पुसून देतो. मी मात्र ग्रंथालयाच्या फलकावर एक सूचना वाचली: 'कलेसाठी इलेक्ट्रॉनिक्स व प्रोग्रॅमिंग. दर शनिवारी सकाळी. पूर्वज्ञानाची आवश्यकता नाही.' ही शेवटची अट मी इतकी काटेकोरपणे पूर्ण करत होतो, की अर्ज न करणं मला गैर वाटलं.

वर्ग घेणाऱ्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या होत्या. त्यांनी प्रत्येकाच्या हातात काड्यापेटीएवढा एक बोर्ड ठेवला आणि सांगितलं, की हा मायक्रोकंट्रोलर, याला आपण जे लिहून देऊ ते हा निमूटपणे करतो. इतका आज्ञाधारक सहकारी मला नोकरीत कधी लाभला नव्हता. पहिल्या शनिवारी एक एलईडी, म्हणजे शेंगदाण्याएवढा दिवा, उघडझाप करायचा होता. बाकी सहा जणांचे दिवे दहा मिनिटांत लुकलुकू लागले. माझा दिवा पाऊण तास ढिम्म. मी प्रोग्रॅम तपासला, वायरी तपासल्या, बोर्ड तयार करणाऱ्यांच्या नीतिमत्तेबद्दल शंका व्यक्त केली. मॅडम आल्या, दिवा उपटला, फिरवून परत खोचला आणि तो लागला. "काका, उलटा लावला होतात," त्या म्हणाल्या. वर्गात कुणी हसलं नाही, हे मला जास्त लागलं.

घरी सराव सुरू झाला. रेझिस्टर नावाचा एक तांदळाएवढा भाग असतो, त्यावर रंगांचे पट्टे असतात आणि ते रंग तक्त्याशी ताडून, तो वीज किती अडवतो ते ओळखायचं असतं. माझी नजर यात कच्ची. घरात चित्रकार असताना चिंता कसली, म्हणून मी हिला विचारलं, "हा तपकिरी आहे की लाल?"

तिने उजेडात धरून पाहिलं. "दोन्ही नाही. बर्न्ट सिएना."

"तक्त्यात बर्न्ट सिएना नाहीये."

"मग तक्ता चुकीचा आहे," ती म्हणाली. "आणि हा दुसरा पिवळा नाही, गेरूकडे झुकलाय."

त्या संध्याकाळी दोन एलईडी जळाले. दोष कुणाचा, यावर घरात अजून एकमत नाही.

माझा बेत साधा होता. तिचं सगळ्यांत मोठं चित्र आमच्या समोरच्या इमारतीचं आहे. संध्याकाळची वेळ, चार मजले, बारा खिडक्या आणि सगळ्या अंधाऱ्या. दिवे लागायच्या अगदी आधीचा क्षण. कुणी चित्रासमोर उभं राहिलं की त्यातल्या एका खिडकीत दिवा लागावा, एवढंच मला करायचं होतं. चौकटीखाली अंतर मोजणारा सेन्सर, मागे बोर्ड, खिडकीमागे एलईडी. हिला मी शब्द दिला होता, की सगळं मागच्या मागे होईल, चित्राला बोट लागणार नाही. उजेड कापडातून आपोआप झिरपेल, असा माझा हिशेब होता. ते चित्र कापडावर नसून हार्डबोर्डवर आहे, ही गोष्ट अकरा वर्षांत माझ्या लक्षात आली नव्हती.

ती निमंत्रणपत्रिका द्यायला बाहेर गेली होती. मी विचार केला, की दुसऱ्या मजल्यावरची डावीकडून तिसरी खिडकी, अगदी बारीक भोक, कुणाला कळणारही नाही. ड्रिलला मात्र बारीक म्हणजे काय ते कळलं नाही.

ती आली, तिने पाहिलं. तिने भोकात करंगळी घातली आणि ती पलीकडून निघाली. करंगळीकडे पाहत ती म्हणाली, "आता तो दिवा लागलाच पाहिजे." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेही "सरका" एवढंच.

म्हणजे आता माघार नव्हती. दिवा लागला, तर कला. नाही लागला, तर नवऱ्याने बायकोच्या सगळ्यांत चांगल्या चित्राला पाडलेलं भोक.

दिवा लागत होता, पण कुणासाठीही लागत होता. पडदा हलला, लागला. शेजारची मांजर गेली, लागला. ही कपड्यांची बादली घेऊन गेली, तर लागून वर लुकलुकला, तेव्हा तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो विझला. मी सल्ल्यासाठी खालच्या मजल्यावरच्या सबस्टेशनकाकांना बोलावलं. हयातभर विजेच्या उपकेंद्रात नोकरी केल्यामुळे त्यांना सगळी इमारत याच नावाने ओळखते. त्यांनी बोर्ड चिमटीत धरला. "किती व्होल्ट?"

"पाच."

"पाच?" त्यांनी बोर्ड खाली ठेवला. "अहो, पाच व्होल्टला आम्ही वीज म्हणत नव्हतो. मुंगीलासुद्धा गुदगुल्या होतील याने." पण माणूस मनाचा मोठा. चहा घेतल्यावर ते माझ्या पातळीवर उतरले. "तुमचं चुकतंय कुठे सांगू? खात्री न करता तुम्ही करंट सोडताय. आम्ही एक खटका ओढायचा तर तिघांना विचारायचो."

हे माझ्या काळजाला भिडलं. मी एका कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आलेल्या अर्जाची खात्री न करता तो पुढे सोडणं आमच्याकडे पाप मानतात. मॅडमनी दिलेला प्रोग्रॅम अकरा ओळींचा होता: माणूस दिसला, दिवा लाव. एवढ्या उथळपणाने कुठलं कार्यालय चाललं असतं? मी कामाला लागलो. माणूस दिसला की आधी नोंद करायची. एका सेकंदाने पुन्हा पाहायचं, आणखी एका सेकंदाने तिसऱ्यांदा पाहायचं. तिन्ही नोंदी जुळल्या तर प्रकरण पुढे न्यायचं. पुढे 'साहेब' नावाचा एक भाग लिहिला होता, त्यात प्रकरण थोडा वेळ थांबायचं. तिथून मंजुरी, मग आदेश, मग दिवा. दिवा तीन सेकंद लागून आपोआप बंद, कारण वीज वाचवणं हे कर्तव्य. अकरा ओळींच्या एकशे चाळीस झाल्या. प्रत्येक सुधारणेनंतर मी प्रोग्रॅम छापून नाडीच्या फाइलला लावत होतो, कारण जे कागदावर नाही ते अस्तित्वात नाही, हे मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकलो आहे.

मग चाचणी घेतली. मी खुर्ची टाकून चित्रासमोर बसलो. पडदा हलला, दिवा लागला नाही. मांजर गेली, लागला नाही. बाराव्या सेकंदाला, मी जागचा हललो नव्हतो तेव्हा, दुसऱ्या मजल्यावरच्या तिसऱ्या खिडकीत पिवळा उजेड आला. काकांनीही बसून पाहिलं. त्यांनाही बाराव्या सेकंदाला दिवा लागला. "याला म्हणतात काम," ते म्हणाले. हिनेसुद्धा दारातून पाहिलं आणि मला चहा विचारला. मी सुखावलो. बसून राहण्याचा पगार घेणाऱ्या दोन माणसांनी चाचणी घेतली आहे, ही बाब तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ग्रंथपालांनी अर्ज पुढे केला. त्यात रकाना होता: 'वीज उपकरण असल्यास प्रकार: पंखा / दिवा / ध्वनिक्षेपक.' मी दिव्यावर खूण केली.

"दिवा चित्रांच्या भिंतीवर लावता येत नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"मग चित्र लिहा."

"चित्राला वायर चालत नाही."

"वायर काढतो. बॅटरीवर चालवतो."

त्यांनी नियमावली उघडली, चष्मा बदलला आणि बराच वेळ वाचलं. "बॅटरीवर चालणारी वस्तू खेळणी या सदरात येते. खेळणी फक्त बालविभागालगत." माझा राग अनावर व्हायला हवा होता, पण खरं सांगतो, मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. इतकी पक्की पकड आमच्या साहेबांचीही नाही. शेवटी हिचं सगळ्यांत मोठं चित्र सभागृहाच्या टोकाला, बालविभागाच्या बुटक्या खुर्च्यांशेजारी लागलं. हिने माझ्याकडे पाहिलं आणि करंगळी हलवली.

पहिल्या दिवशी लोक आले. चित्रासमोर यायचे, पाच-सहा सेकंद बघायचे, "छान" म्हणायचे आणि पुढच्या चित्राकडे जायचे. खांबाला टेकून मी मनात आकडे मोजत होतो. सात, आठ, नऊ. बारा झाले की रिकाम्या जागेसमोर दिवा लागायचा आणि तीन सेकंदांनी मालवायचा. माझ्या प्रोग्रॅममध्ये आमचं अख्खं कार्यालय उतरलं होतं. तिथेही एकदा प्रकरण पुढे गेलं, की अर्जदार जागेवर आहे की नाही हे कुणी बघत नाही.

मी लोकांना थांबवू लागलो. "थांबा, फक्त सहा सेकंद!" काही थांबायचे, पण चित्राऐवजी माझ्याकडे बघत. एका सद्गृहस्थांचा मी दंड धरला. त्यांना वाटलं मी ओळखीचा आहे, त्यांनी माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी केली, आणि तेवढ्यात दिवा लागून विझलासुद्धा. हिची धाकटी बहीण आली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं ताई, हे भोक कसलं गं?" ही तरातरा माझ्याकडे आली. "लोकांना धरून ठेवू नका. शोभतं का?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "निदान भोकासमोर तरी उभे राहा." पहिल्या दिवशीचे उरलेले दोन तास मी झाकण म्हणून काम केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात झाडलोट करणाऱ्या मावशी केरसुणी टेकून चित्राकडे बघत उभ्या होत्या. मग थोडं पुढे जाऊन त्यांनी खांद्यावरून मागे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसल्या. "ताई, तुमचं चित्र लाजतं हो," त्या हिला म्हणाल्या. "समोर उभं राहिलं की गप्प. आपण पाठ फिरवली की दिवा लावतं."

ही चकित झाली. शेजारी दोन बायका होत्या, त्यांनी ऐकलं. त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या, मग मुद्दाम दुसरीकडे चालत गेल्या आणि झटकन वळल्या. "लागला! अगं, लागला!" धावत परत आल्या तर विझलेला. संध्याकाळपर्यंत बालविभागाच्या टोकाला तोबा गर्दी. चांगली मोठी, पोक्त माणसं चित्राला चकवायला बघत होती. कुणी काही न पाहिल्यासारखं करून शीळ घालत निघून जायचं. कुणी पाठ करून पर्समधल्या आरशात बघत उभं राहायचं. एक आजीबाई म्हणाल्या, "आपण निघून गेल्यावरच घरातले दिवे लावतात हो लोक," आणि बराच वेळ तिथेच बसून राहिल्या. हिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जे मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण माझी अवस्था समजून घ्या. सगळं सभागृह ज्याच्यावर खूश होतं, ती माझी चूक होती. माझी एकशे चाळीस ओळींची मेहनत लाजरेपणा म्हणून खपत होती, आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई येणार होत्या. त्यांच्यासमोर काम चोख दिसायला हवं. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचून मी जुना प्रोग्रॅम पुसून टाकला आणि मॅडमच्या अकरा ओळी भरल्या. माणूस आला, दिवा लागला. काय तो आनंद!

तो दुपारी तीनपर्यंत टिकला. काल येऊन गेलेले लोक आज मंडळींना घेऊन आले. समोर उभे राहिले, दिवा फट्कन लागला. "हं, सेन्सर आहे," कुणी तरी म्हणालं, आणि सगळे पुढे गेले. दुसरं टोळकं आलं, तेही गेलं. बालविभाग ओस पडला. हिने येऊन पाहिलं.

"काय केलंत?"

"दुरुस्त केलं."

तिचा चेहरा पांढरा पडला. "आत्ताच्या आत्ता बिघडवा."

आयुष्यात मी बऱ्याच वस्तू बिघडवल्या आहेत, पण वरून आदेश येऊन बिघडवण्याची ही पहिलीच वेळ होती. आणि प्रोग्रॅम तर पुसलेला! उरला होता फक्त नाडीच्या फाइलमध्ये, कागदावर. सबस्टेशनकाका प्रदर्शन बघायला आले होते, त्यांनाच कामाला लावलं. बालविभागातल्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी दोन बोटांनी टंकू लागलो आणि काका सबस्टेशनच्या आवाजात वाचू लागले. "कंस उघडा! शंभर! कंस मिटा! अर्धविराम!"

"हळू, काका."

"महिरपी कंस उघडा! यात पाच व्होल्टचं काय काम आहे, मला अजून कळलेलं नाही. पुढे, कंस मिटा!"

दोन प्रेक्षक येऊन हातांची घडी घालून गंभीरपणे ऐकू लागले. हाही प्रदर्शनाचाच भाग आहे, असा त्यांचा समज झाला असावा. एकाने शेवटी हळूच टाळी वाजवली.

शेवटची ओळ संपून प्रोग्रॅम बोर्डात गेला आणि दारात अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. पाच वाजले होते. बाई निवृत्त न्यायाधीश. एकेक चित्र बघत त्या आमच्या टोकाला आल्या. ही मागे उभी होती. मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगतो: मला रडू येत होतं. तिला एक भिंत हवी होती, आणि ती मिळणं न मिळणं माझ्या दोन बोटांवर ठेवून ती उभी होती.

बाई चित्रासमोर थांबल्या. मी मोजू लागलो. पाच, सहा. बाई हलेनात. सात. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या बाईंनी तीस वर्षं साक्षी ऐकण्यात घालवली, त्या सहा सेकंदांत पुढे कशा जातील? त्या बारा सेकंद सहज उभ्या राहतील, दिवा त्यांच्या तोंडावर लागेल आणि त्याही म्हणतील, हं, सेन्सर आहे. आठ. नऊ. दहा.

अकराव्या सेकंदाला मी खुर्चीसकट आडवा झालो. मी मुद्दाम पडलो, असं माझं म्हणणं आहे. खुर्चीचा पाय मोडला, असं काकांचं आहे. शेजारची पुस्तकांची मांडणीही माझ्या अंगावर आली, आणि ती मुद्दाम पाडलेली नव्हती. मोठा आवाज झाला. बाई दचकून वळल्या, आणि त्यांच्या पाठीमागे तिसऱ्या खिडकीत दिवा लागला.

"बाई, मागे!" अख्खं सभागृह ओरडलं. त्या वळल्या, तोवर अंधार. त्यांनी भुवया उंचावल्या. पुन्हा उभ्या राहिल्या, चार पावलं चालल्या आणि गर्रकन वळल्या. दिसला! तिसऱ्यांदा त्यांनी पर्समधला आरसा काढला, आणि त्या न्यायाधीश होत्या हे सगळ्यांच्या बरोबर त्याही विसरल्या.

"हे सगळं तुम्ही केलंत?" त्यांनी हिला विचारलं.

पुस्तकांच्या ढिगाऱ्यातून मी मान वर काढली. तीन दिवसांत ही पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

"चित्र माझं आहे," ती म्हणाली. "उशीर यांचा."

चित्र आता वाचनकक्षात, खिडकीशेजारच्या भिंतीवर आहे. खाली पाटी काय लावायची, यावर ग्रंथपालांनी पुन्हा नियमावली उघडली आणि ज्याने जे केलं ते स्वतंत्र रकान्यात नोंदलं पाहिजे, असा निर्णय दिला. पाटी लागली त्या दिवशी आम्ही दोघं पाहायला गेलो. हिने चष्मा पुसला, पाटी दोनदा वाचली, मग भिंतीवर तळहात ठेवून नुसती उभी राहिली. पाटीवर पहिल्या ओळीत 'चित्र' आणि पुढे तिचं नाव आहे. दुसऱ्या ओळीत 'उशीर' आणि पुढे माझं. ज्या गोष्टीसाठी कार्यालयाने मला आजवर चार मेमो दिले, तिच्यापुढे माझं पूर्ण नाव पितळेत कोरलेलं आहे.